काना गावचं लग्न आणि गेंदाबाईचं अंगण

धुळ्याच्या देवपुरात आमच्या घराच्या फाटकावर मी एक पाटी लावली होती. 'शुभवर्तमान अभ्यासवर्ग. उतारे समजावून दिले जातील.' पाटी लावून आठवडा झाला नसेल, एक शेतकरी भाऊ पिशवी घेऊन दारात उभे राहिले. पिशवीतून त्यांनी सातबारा काढला आणि माझ्यासमोर धरला. विहिरीतला त्यांचा हिस्सा त्यात नीट लागलेला नव्हता, आणि नदीपलीकडे एक बाई उतारे फुकट समजावून देतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी चष्मा लावून तो उतारा वाचला, कोणती नोंद कुठे आहे ते दाखवलं आणि त्यांना तलाठ्याकडे पाठवलं. थोड्याच दिवसांत एक आई लेकराला कडेवर घेऊन आली. लेकराला नजर लागली होती, तिला त्यावर उतारा हवा होता. हात लावून पाहिलं तर पोर तापानं फणफणलं होतं. त्याला दवाखान्यात नेलं. मग मी पाटीवरची दुसरी ओळ पुसून टाकली, पण तोवर माझं नाव 'उतारेवाल्या अक्का' पडून गेलं होतं. ते आजही आहे.

माझे उतारे वेगळे. येशूच्या आयुष्याची हकिगत सांगणारी चार पुस्तकं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. दर रविवारी चर्चमध्ये त्यांतला एक तुकडा वाचला जातो आणि मग कोणीतरी उभं राहून त्यावर बोलतं. शहरात हे काम शिकलेसवरलेले पाळक आणि फादर करतात. पायथ्याच्या पाड्यांवर मात्र ते करणारी माणसं आठवडाभर शेतात, केळीच्या ट्रकवर नाहीतर बांधकामावर राबत असतात. रविवारी उभं राहून काय बोलायचं, आणि त्याआधी उतारा वाचायचा कसा, हे त्यांना शिकवणं ही माझी नोकरी. एका लहानशा प्रशिक्षण केंद्रात मी ती केली. निवृत्त झाले तरी काम थांबलं नाही. ते शुक्रवारी संध्याकाळी, चहासकट, माझ्या ओसरीत चालू राहिलं.

बाहेरच्यांना वाटतं, ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच. तसं असतं तर मला नोकरीच लागली नसती. येशू आपल्या पेत्र नावाच्या शिष्याला सांगतो की या खडकावर मी माझी मंडळी, म्हणजे चर्च, उभारीन. पेत्र या नावाचाच अर्थ खडक. आता हा खडक कोणता? कॅथलिक म्हणतात, खडक म्हणजे स्वतः पेत्र, आणि त्याच्यामागून त्याच्या गादीवर बसत आलेले पोप. आमची जुनी प्रोटेस्टंट मंडळी म्हणते, खडक म्हणजे पेत्रानं नुकताच बोलून दाखवलेला विश्वास. वर्गात केरळची एक सिरियन परंपरेतली नर्स यायची. ती म्हणायची, दोन्ही खरं, पण पेत्राची गादी प्रत्येक बिशपाकडे आहे, एकट्या रोमकडे नाही. आणि टाळ्या वाजवत मोठ्यानं प्रार्थना करणाऱ्या मुक्त मंडळ्यांतले लोक म्हणतात, खडक एकच, खुद्द ख्रिस्त. ओळ तीच आणि तिच्याभोवती चार भिंती.

म्हणून वर्गात माझा एकच कडक नियम होता. आपला अर्थ सांगण्याआधी समोरच्याचा अर्थ सांगायचा, आणि तो असा सांगायचा की समोरच्यानं 'हो, मी हेच म्हणतो' अशी मान हलवली पाहिजे. मान हलली नाही तर पुन्हा सांगायचं. या नियमापायी चहाच्या किती किटल्या रिकाम्या झाल्या असतील सांगता येत नाही.

नियम सर्वांत जास्त मोडणारे आणि वर्ग सर्वांत जास्त रंगवणारे दोघेजण होते. एक फादर ऑल्विन, वसईचे, धुळ्यात नेमणुकीवर आलेले. उंच, सावकाश बोलणारे, आणि विनोद करून झाल्यावर स्वतःच आधी हसणारे. दुसरे पास्टर सुभाष. अमळनेरला त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि एक छोटी मुक्त मंडळी होती. रविवारी पांढरा शर्ट, बाकी दिवस तेलकट. उतारा ते इंजिनासारखा वाचत. सुरू होतोय की नाही, एवढंच त्यांना बघायचं असे.

एकदा मार्था आणि मरीया या बहिणींचा उतारा होता. येशू घरी येतो. मार्था स्वयंपाकात राबते, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते, आणि येशू म्हणतो की मरीयेनं चांगलं ते निवडलं. फादर म्हणाले, एक बहीण म्हणजे सेवा आणि दुसरी म्हणजे ध्यान, दोन्ही वाटा देवाकडे जातात, फक्त ध्यान पहिलं. मी म्हटलं, आमच्याकडे हा उतारा कर्म आणि विश्वास यांच्यावरचा. पास्टर म्हणाले, शेवटी त्या दिवशी जेवण कोणी वाढलं, ते कुठेच लिहिलेलं नाही. वर्गातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुढचा अर्धा तास माझ्या हातात काही राहिलं नाही.

या कामात मला एकच गोष्ट सलत राहिली. एवढ्या जणांना मी उपदेशाला उभं केलं, पण मला स्वतःला उभं राहता आलं नाही. फादरांच्या चर्चमध्ये बाईला उपदेश करता येत नाही. आमच्याकडे नियमानं येतो, पण पंचकमिटीला 'या वेळी नको' असं दर वेळी वाटायचं. पास्टरांच्या मंडळीत बाईनं आपल्या अनुभवाची साक्ष द्यावी, गाणं म्हणावं, उतारा उलगडू नये. मी मागच्या बाकावर बसून माझीच वाक्यं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आले. कधी ती बरी निघायची, कधी ओळखू येत नसत.

तर अशा एका शुक्रवारी वर्ग संपल्यावर रीना मागे थांबली. रीना धुळ्यात एका दवाखान्यात नर्स. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा पाडा. घर कॅथलिक. वडील मोत्याभाऊ गावातले प्रचारक, म्हणजे फादर नसतील तेव्हा प्रार्थना चालवणारे. तिचं लग्न शेजारच्या पाड्यावरच्या दिलीपशी ठरलं होतं. दिलीप रावेरला केळी भरण्याच्या शेडवर देखरेखीला होता, आणि त्याची आई गेंदाबाई पास्टर सुभाष यांच्या मुक्त मंडळीतली. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, घरच्यांनीही होकार दिला होता. मंडळ्या वेगळ्या म्हणून लागणारी परवानगी फादरांनी बिशपांकडून आणून ठेवली होती.

रीना कप विसळता विसळता म्हणाली, "अक्का, एखादा उतारा बायबलमधून काढता येतो का?"

मला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा दिसला आणि मी तिला खाली बसवलं.

तो उतारा होता काना गावच्या लग्नाचा. ख्रिस्ती लग्नात तो हमखास वाचतात. येशू, त्याची आई मरिया आणि शिष्य एका लग्नाला गेलेले असतात. तिथे द्राक्षारस संपतो. मरिया मुलाला सांगते. दाराशी दगडी रांजण असतात, येशू ते पाण्यानं भरायला लावतो आणि त्या पाण्याचा द्राक्षारस होतो. भोजनाची व्यवस्था पाहणारा तो चाखतो आणि नवरदेवाला म्हणतो, लोक चांगला आधी वाढतात, तू चांगला आतापर्यंत राखून ठेवलास.

आता गेंदाबाई कोण, तेही सांगते. तिचा नवरा दारूनं गेला. मोहाच्या फुलांची दारू त्या भागात घराघरांत गाळली जायची. नवरा गेल्यावर गेंदाबाईनं पाड्यावरच्या बायका जमवल्या, एकेका घरी जाऊन भट्ट्या बंद करायला लावल्या, आणि सरपंचासह सगळ्यांचा राग पत्करला. तिच्या पाड्यावर लग्नात दारू वाढणं बंद झालं ते तिच्यामुळे. साखरपुड्याच्या दिवशी मोत्याभाऊ मोठ्या हौसेनं म्हणाले की लग्नात कानाचा उतारा वाचू. गेंदाबाई म्हणाली, तो रसाचा ना, पास्टरांनी सांगितलाय. मोत्याभाऊंच्या तोंडून निघून गेलं की रस कसला, ती दारूच होती, आणि आपल्या जुन्या रीतीप्रमाणे थोडी वडीलधाऱ्यांच्या नावानं शिंपडायला काय हरकत आहे. गेंदाबाई पानसुपारीचं ताट ठेवून उठली. ज्या देवानं लग्नात दारू केली त्याची गोष्ट माझ्या अंगणात नको, म्हणाली. मोत्याभाऊ हटून बसले. उतारा नाही तर लग्न नाही.

"त्या कानाच्या नवरीचं तर नावही लिहिलेलं नाही," रीना म्हणाली. "आणि तिच्यापायी माझं लग्न मोडतंय."

फादर आणि पास्टर दोघांनाही मी फोन केला. रविवारच्या प्रार्थना उरकून आम्ही तिघं चोपड्याला गेलो आणि तिथून जीपनं वर. वाटभर दोघांचं चाललेलं. पास्टरांचं म्हणणं, तो ताजा रसच होता असं सांगून टाकू, आमच्यातले पुष्कळ जण तसं मानतातही. फादर म्हणत होते, मिस्सेमध्ये, म्हणजे वेदीवरच्या आमच्या उपासनेत, आम्ही खरा द्राक्षारस वापरतो, तो रस होता असं मी कसं म्हणू? निदान मिस्सा न करता नुसता लग्नविधी करता येईल, म्हणजे वेदीवर द्राक्षारसाचा प्याला येणार नाही, एवढं ते आपणहून म्हणाले. मराठीत आपण द्राक्षारस म्हणतो आणि तो शब्द दोघांनाही सांभाळून घेतो. मूळ ग्रीक शब्द इतका सोयीचा नाही.

गेंदाबाईचं अंगण शेणानं सारवलेलं, मध्ये कडुनिंब. मोत्याभाऊ आमच्या आधीच येऊन एका कडेला बसले होते. दिलीप आणि रीना दारात उभे. चहा झाला. गेंदाबाई माझ्यासमोर बसली. साठीच्या आसपासची, काटक, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी.

"अक्का, माले खरं सांग," ती म्हणाली. "ते काय व्हतं? रस का दारू?"

पास्टर माझ्याकडे पाहत होते. मी रस म्हणाले असते तर लग्न त्याच क्षणी जमलं असतं. दारातल्या त्या दोघांकडे मी पाहिलं. पण आयुष्यभर लोकांना एकच शिकवलं होतं, की उताऱ्यात जे आहे ते आधी वाचा, आपल्याला हवं ते नंतर.

"दारूच होती, गेंदाबाई," मी म्हटलं. "द्राक्षांची. शब्द तोच आहे."

मग पास्टर सुभाष हळू आवाजात म्हणाले, "मावशी, रस मी सांगितलं. तुमच्या घरात दारू हा शब्द माझ्या तोंडातून निघेना."

गेंदाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा माझ्याकडे वळून विचारलं, पिऊन तिथे कोणी पडलं का, बायकोवर हात टाकला का. मी सांगितलं की तसं काही लिहिलेलं नाही. मग त्यात लिहिलंय तरी काय, ती म्हणाली. आणि इथे मी माझा नियम लावला. फादरांना म्हटलं, पास्टरांचा अर्थ तुम्ही सांगा. पास्टरांना म्हटलं, फादरांचा तुम्ही.

दोघंही चमकले. पण फादर सुरू झाले. पास्टर म्हणतील की हा बदलाचा उतारा आहे, पाणी पाणी राहिलं नाही. देवाचा आत्मा आत आला की माणूसही आधीचा राहत नाही, आणि हे तेव्हाच नाही, आजही घडतं. या पाड्यावरच्या भट्ट्या बंद झाल्या त्यालाही पास्टर हेच म्हणतील. पास्टरांनी मान हलवली.

मग पास्टरांची पाळी. मरियेवर ते आयुष्यात कधी बोलले नव्हते, त्यांच्या मंडळीत तिचं नाव नाताळाखेरीज फारसं निघत नाही. चाचरत म्हणाले, फादर म्हणतील की नवरदेवाच्या लक्षात आलं नाही, पाहुण्यांच्या आलं नाही, आधी लक्षात आलं ते एका आईच्या. तिनं कोणाला दोष दिला नाही, बोभाटा केला नाही. मुलाच्या कानावर घातलं, आणि वाढप्यांना म्हणाली, तो सांगेल ते करा. आईनं मागितलं म्हणून लेकानं केलं. बोलता बोलता पास्टरांचा आवाज मोकळा झाला. फादरांनी मान हलवलीच, शिवाय हातही जोडले.

मी माझ्या मंडळीचा अर्थ सांगितला. ते रांजण हातपाय धुऊन शुद्ध होण्याच्या पाण्याचे होते, कोण शुद्ध आणि कोण अशुद्ध हे ठरवणारे. येशूनं तेच भरायला लावले आणि त्यांतून सगळ्यांना सारखं वाढलं. आणि त्या काळी लग्नात काही कमी पडलं की त्या घरावर कायमचा बट्टा बसायचा, हेही सांगितलं.

गेंदाबाई खाली सारवणाकडे बघत होती. मग म्हणाली, "मना घरनी लाज दारूनी घेयी. त्यानी त्या घरनी लाज राखी." आणि मोत्याभाऊंकडे वळून, "वाचा तुमना उतारा. पन मना मांडवमां दारू येवाव नही."

मोत्याभाऊ उठून तिच्यासमोर आले. शिंपडण्याचं बोलणं मी मागे घेतो, म्हणाले. एवढं ऐकून दारातली रीना रडायला लागली, आणि दिलीप तिला पाणी आणायच्या निमित्तानं घरात पळाला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.

गेंदाबाई आता लग्नाच्या तयारीलाच लागली होती. तिनं दोन बायकांना हाक मारली. चैत्रात वेचून वाळवलेली मोहाची फुलं पाड्यावर घरोघर पडून होती, आता त्यांचं काय करायचं हा बायकांपुढचा प्रश्न होताच. "त्यानी पानीनी दारू करी," ती हसून म्हणाली. "आपन दारूना फुलंस्नं गोड करूत." फुलं धुवायची, उकळायची, रस आंबू न देता गाळायचा आणि त्यात लिंबू पिळायचं. फादर पोट धरून हसले. पास्टर म्हणाले, हा खरा रस.

तिची एकच अट उरली. लग्नात उतारा अक्कांनी उलगडायचा, कारण अक्का खोटं बोलली नाही.

आता फादर अडचणीत आले. विधीतला उपदेश त्यांनीच करायचा, त्याला इलाज नव्हता. डोकं खाजवून त्यांनी तोड काढली. मी दोन वाक्यांचा उपदेश करतो, विधी संपला की अक्का आभार मानतील, आणि आभार किती वेळ मानावेत याबद्दल चर्चचा काही नियम नाही.

लग्न वैशाखात झालं. मांडवाला आंब्याचे डहाळे, दोन्ही पाड्यांची माणसं, रावेरहून दिलीपच्या शेडवरचे लोक, धुळ्याहून रीनाच्या नर्स मैत्रिणी. उतारा पास्टरांनी वाचला. फादरांनी नवरानवरीकडून शपथा घेतल्या आणि खरोखरच दोन वाक्यांत उपदेश संपवला. मग मी आभाराला उभी राहिले. समोर एवढी माणसं, आणि मी पहिल्यांदाच मागच्या बाकावर नव्हते. हातातला कागद उघडलाच नाही. तीन घरांचे तीन अर्थ मी एकामागून एक ठेवले आणि म्हटलं की तिघंही एकाच लग्नाला आलेले पाहुणे आहेत. कोणाला आई दिसली, कोणाला पाणी बदललेलं दिसलं, कोणाला रांजण दिसले. लग्न त्याच्याहून मोठं होतं. बायका माना हलवत होत्या. पुढच्या रांगेत गेंदाबाई अगदी ताठ बसली होती. मी खाली बसले तेव्हा मला इतका आनंद झाला होता की वाढलेलं सरबत मी पदरावर सांडलं.

पाहुणे अंदाजापेक्षा जास्त आले. जेवणाच्या मध्यावरच गेंदाबाई माझ्यामागे येऊन वाकली. "अक्का, बठ्ठं सरी गयं," कानात म्हणाली. सरबताचे माठ कोरडे पडले होते. मी फादरांकडे पाहिलं, त्यांनी पास्टरांकडे. पुढे काय झालं ते सांगते. पास्टरांनी बाह्या सारल्या आणि हातपंप मारायला लागले, झगा खोचून फादर हंडे वाहू लागले, आणि मी लिंबं पिळली. उरलेला रस, गूळ आणि भरपूर पाणी. चमत्कार झाला नाही. दुसरं सरबत पहिल्यापेक्षा पातळ होतं आणि मोत्याभाऊंनी ते भर पंगतीत बोलून दाखवलं. पंगत हसली आणि प्याली.

ऊन कलल्यावर ढोल आला. एकमेकींच्या कमरेला हात घालून बायका ओळीनं नाचायला लागल्या. नवरा गेल्यापासून गेंदाबाई कोणाच्या लग्नात नाचली नव्हती, दारू आणि ढोल तिच्या मनात एकमेकांना चिकटून बसले होते, असं तिच्या जावेनं मला सांगितलं. ती कडेला उभी होती. रीना ओळीतून बाहेर आली, सासूचा हात धरला आणि तिला आपल्या शेजारी उभी केली. पहिली दोन पावलं चुकली. मग ती जी नाचली, ते पाहत ढोलवाल्यानंही वेग वाढवला. दिलीप आईकडे बघत नुसता उभा होता. पास्टरांच्या मंडळीत ढोल चालत नाही, पण त्यांचे हात आपोआप ताल धरत होते, आणि ते माझ्या लक्षात आलेलं त्यांच्याही लक्षात आलं.

आम्ही तिघं चोपड्याहून संध्याकाळची बस पकडली. फादरांच्या झग्याला चिखल, पास्टरांच्या पांढऱ्या शर्टावर मोहाचे डाग, माझ्या हाताला लिंबाचा वास. बस सुटली तशी चर्चा सुरू झाली. फादरांचं म्हणणं, रीनानं सासूला ओळीत ओढलं तिथे खरा उतारा उलगडला. पास्टरांना वाटत होतं, पंपावर. मी म्हटलं, नियम पाळा, आधी समोरच्याचं सांगा. फादरांची पुढच्याच वर्षी बदली झाली आणि तसा शुक्रवार मला पुन्हा मिळाला नाही. पण त्या संध्याकाळी हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि आम्ही वाद घालत होतो.

पुढच्या बाकावर टोपली मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती. बराच वेळ तिनं ऐकून घेतलं. मग मागे वळून विचारलं की लग्नाहून आलात वाटतं, नवरीकडचे का नवरदेवाकडचे?

"दोन्हीकडचे," फादर म्हणाले.

तिनं आम्हा तिघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग दोन्हीकडे जेवनात पन का?"

जेवलो होतो.